सत्कार पुरे, तास द्या!

जानेवारी उजाडला की गावोगावच्या शाळांत स्नेहसंमेलनांचे मांडव पडतात. व्यासपीठावर सरपंच, केंद्रप्रमुख, एखादा स्थानिक दाता आणि टोकाच्या खुर्चीवर पागोटे बांधलेला एक वृद्ध. तो गावचा गोंधळी असतो, भजनी मंडळाचा पखवाजी असतो, तर कधी दशावतारात चाळीस वर्षे संकासुर उभा केलेला नट असतो. निवेदक ‘आपल्या मातीचा ठेवा’ म्हणून त्याचा गौरव करतो. खांद्यावर शाल पडते, हाती श्रीफळ येते, छायाचित्र निघते. मग ध्वनिक्षेपकावर चित्रपटगीत सुरू होते आणि चौथीची मुले त्यावर नाचू लागतात. वृद्ध शालीची घडी घालून घरी जातो. त्याचे घर शाळेच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर असते, तरीही पुढच्या संमेलनापर्यंत शाळेची आणि त्याची गाठ पडत नाही.

या प्रसंगात कोणीही दुष्ट नाही. मुख्याध्यापकांचा हेतू चांगला, दात्याचा चांगला, निवेदकाचाही चांगला. आणि म्हणूनच हा प्रसंग अधिक गंभीर आहे. कारण ज्या समाजाने आपली कला मांडवात मिरवली आणि वर्गातून हद्दपार केली, त्या समाजाला आपण काही गमावत आहोत याचा पत्ताच लागत नाही. वर्षातून एकदा फुले वाहिली की देवघर जिवंत राहते, असा हा समज आहे. वस्तुतः कलेचे जतन सत्काराने होत नाही, शिष्याने होते. आणि शिष्य मिळण्याची गावातली सर्वांत मोठी जागा आज शाळा हीच आहे.

शंभराचा उंबरठा

प्रथम कायद्याकडे पाहावे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयोगटातील प्रत्येक मुलाला शिक्षणाचा अधिकार दिला. त्या कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणाचा उल्लेख आहे. पण तो कसा? सहावी ते आठवीच्या वर्गांत, शाळेचा पट शंभराहून अधिक असेल तर, कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक नेमावेत! म्हणजे पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी कलाशिक्षक नाहीच. आणि उच्च प्राथमिक शाळेतही पट नव्व्याण्णव असेल, तर कायद्याच्या दृष्टीने त्या मुलांना स्वर-ताल-रंगांचे शिक्षक मिळण्याची गरज उरत नाही.

हा शंभराचा उंबरठा महाराष्ट्रात कोणाला बाहेर ठेवतो? सप्टेंबर २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून ‘समूह शाळा’ उभारण्याचा विचार शासनाने पुढे आणला, तेव्हा अशा शाळांची संख्या १४ हजारांहून अधिक असल्याचे समोर आले. या शाळा कोठे आहेत? सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर, कोकणातील वाड्यांवर, सातपुड्यातील पाड्यांवर, मराठवाड्यातील तांड्यांवर. किंबहुना जेथे लोककला अजून श्वास घेत आहे, नेमक्या तेथेच. जेथे तारप्याचा सूर अजून रात्री ऐकू येतो, तेथील शाळेला कलाशिक्षक नाही. आणि शहरात जेथे तो सूर कोणी ऐकलेला नाही, तेथील खासगी शाळेत मात्र ‘ट्रायबल आर्ट’ची कार्यशाळा भरते व तिचे शुल्क वेगळे आकारले जाते. यापरता उपरोध कोणता?

‘पट कमी म्हणून शिक्षक नाही’ हे गणितापुरते एक वेळ समजून घेता येईल. परंतु शिक्षक नाही म्हणून कला नाही, हे मान्य करण्याचे काहीच कारण नाही. त्या गावात पगारी कलाशिक्षक नसेल, पण कलावंत आहे. प्रश्न एवढाच आहे की, शाळेचे दार त्याच्यासाठी उघडते का?

पाच हजार रुपये कशाचे?

शासनाला कलावंत दिसत नाही असेही नाही. वृद्ध साहित्यिक-कलावंतांना मानधन देण्याची योजना राज्यात अनेक वर्षे चालू आहे. राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिलेल्या या योजनेत एप्रिल २०२४ पासून दरमहा सरसकट ५,००० रुपये देण्याचा निर्णय झाला. तो स्वागतार्हच आहे. ज्यांनी आयुष्यभर रात्री जागवल्या, त्यांची म्हातारपणी औषधावाचून आबाळ होऊ नये, हे राज्याचे कर्तव्यच आहे.

तथापि या मानधनाचे स्वरूप नीट न्याहाळावे. कलावंत म्हातारा झाला, थकला, त्याचा आवाज बसला, म्हणून हे पैसे आहेत. त्याने आपली विद्या कोणाला दिली म्हणून नव्हेत. ज्या वयात तो दहा मुलांना पखवाजावर बोटे ठेवायला शिकवू शकतो, त्या वयात त्याला कोणी विचारत नाही आणि ती शक्ती गेल्यावर सहानुभूतीचा धनादेश येतो. विद्येला मोल नाही, वार्धक्याला आहे! गुरू म्हणून मिळालेला एक रुपया आणि लाभार्थी म्हणून मिळालेला एक रुपया यांत माणसाच्या मानेच्या ताठपणाएवढे अंतर असते, हे कोणत्याही स्वाभिमानी कलावंताला विचारून पाहावे.

शिवाय हा प्रश्न केवळ कलेचा नाही. गोंधळी, वासुदेव, चित्रकथी, नंदीबैलवाले, डोंबारी या सर्व समाजांकडे पिढ्यान्पिढ्या कला आहे. पण गावाने त्यांना कलेसाठी दाद दिली आणि प्रतिष्ठा मात्र नाकारली. रात्री ज्याच्या संबळावर गावाने मान डोलावली, त्याच्याच मुलाला सकाळी वर्गात ‘मागत्याचा पोर’ म्हणून हिणवले गेले. तोच बाप मंगळवारी दुसऱ्या तासाला शाळेत आला, गुरुजींनी उभे राहून त्याचे स्वागत केले आणि सारा वर्ग त्याच्यापुढे शिष्य म्हणून बसला, तर त्या मुलाच्या मनात काय उजळेल? समरसतेवर शंभर व्याख्याने होतात, त्यांपेक्षा असा एक तास अधिक काम करील.

कोसबाडच्या टेकडीवरून

‘हे सारे स्वप्नरंजन आहे’ असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास चाळावा. फेब्रुवारी १८३५ मधील मेकॉलेच्या टिपणाने या देशातील शिक्षणाचा एतद्देशीय विद्यांशी असलेला सांधा निखळला, तो पुन्हा जुळवण्याचे प्रयत्न येथील धुरीणांनी सातत्याने केले. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योग हाच शिक्षणाचा कणा व्हावा, असा आग्रह धरला. मतभेद कितीही असोत, या सर्वांना एक गोष्ट दिसत होती : गावाचे हात आणि शाळेचे डोके एकमेकांपासून तोडले, तर दोन्ही निर्जीव होतात.

आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ताराबाई मोडक यांचे नाव घेतल्याविना पुढे जाता येत नाही. शहरी बालशिक्षणात नाव मिळवलेल्या ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या आणि १९५७ मध्ये त्यांचे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजाच्या वस्तीत पोहोचले. सोबत अनुताई वाघ होत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच मुलांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा विचार. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. माँटेसरीची महागडी साधने परवडत नव्हती, तर शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. ‘आमच्याकडे सुविधा नाहीत’ हे वाक्य त्या दोघींच्या कोशात नव्हते. आज संगणक आणि डिजिटल फळे असलेल्या शाळेत कलेला जागा नाही असे कोणी म्हणत असेल, तर कोसबाडच्या टेकडीने त्याला काय उत्तर द्यावे?

दुसरे उदाहरण सिंधुदुर्गातील पिंगुळीचे. कुडाळ तालुक्यातील या गावातील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्पिढ्या सांभाळला. सावंतवाडी संस्थानाचा आश्रय गेला, करमणुकीची साधने बदलली, कला मोडकळीस आली. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि पोथ्या, बाहुल्या, वाद्ये तेथे जपली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी रकाने भरून लिहिले. गोठ्यातून राष्ट्रपती भवनापर्यंतचा हा प्रवास अभिमानास्पद आहे यात शंका नाही. पण एक प्रश्न उरतोच. एका कलावंताला आपल्या कलेसाठी गोठा मोकळा करावा लागतो, त्या राज्यातील किती शाळांनी तिच्यासाठी आठवड्यातील एक तास मोकळा केला?

कला शिकवते काय?

येथे मध्यमवर्गीय पालकाचा नेहमीचा प्रश्न येतो : ‘सारे खरे, पण याने मुलाच्या अभ्यासाचे काय होणार?’ प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तरही प्रामाणिक असावे.

सावंतवाडीची गंजिफा घ्यावी. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येक संचात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण एकशेवीस. चौथीच्या मुलाच्या हाती ही गोल, लाखेने चकाकणारी पाने दिली तर त्याला बाराचा पाढा पाठ करावा लागत नाही, तो खेळता खेळता बसतो. तबल्याचा दादरा सहा मात्रांचा, केरवा आठ मात्रांचा. एका गटाने दादरा आणि दुसऱ्याने केरवा एकाच लयीत टाळीवर धरला, तर दोघांची सम पुन्हा कधी एकत्र येईल? चोविसाव्या मात्रेनंतर. लघुतम साधारण विभाज्य ही भयंकर नावाची गोष्ट मुलाच्या तळहातावर वाजते. दशावतारी नटापुढे लिहिलेली संहिता नसते. कथानक ठाऊक असते आणि संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या रचायचे असतात. पाचवीच्या मुलांना असा एक प्रवेश करायला लावावा. भाषेच्या पाठ्यपुस्तकातील ‘स्वमत लिहा’ या प्रश्नाने जे साधत नाही, ते तेथे साधेल.

अनुभव पुरेसा वाटत नसेल, तर मोजमापही उपलब्ध आहे. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने स्थानिक कलासंस्था आणि सार्वजनिक शाळा यांची भागीदारी घडवून आणली. बेचाळीस शाळा, दहा हजारांहून अधिक विद्यार्थी. कोणत्या शाळांना हा लाभ आधी मिळावा हे चिठ्ठ्या टाकून ठरवल्यामुळे तुलना निर्दोष झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, कलावंत ज्या शाळांत गेले तेथे शिस्तभंगाच्या कारवाया ३.६ टक्के बिंदूंनी घटल्या, मुलांचे लेखन सुधारले आणि इतरांविषयीची कणवही वाढली. गणिताचे गुण एकाएकी वाढले, असा दावा अभ्यासकांनी केला नाही आणि येथेही कोणी करू नये. कला ही गुण वाढवण्याची गोळी नव्हे. ती माणूस घडवते आणि घडलेला माणूस अभ्यास करतो, हा क्रम आहे.

हे उदाहरण परदेशाचे प्रमाणपत्र म्हणून दिलेले नाही. जी गोष्ट कीर्तनकाराने, भारूडकाराने, आजीच्या ओवीने शतकानुशतके केली, ती आता तिकडे मोजून सिद्ध होते आहे. आणि ज्यांच्या घरी ती होती, ते मात्र तिला ‘अवांतर उपक्रम’ म्हणून वेळापत्रकाच्या तळाशी ढकलत आहेत, एवढेच दाखवायचे आहे.

‘भगवीकरणा’चा बागुलबुवा

आता या विषयाच्या वाटेत हमखास आडवा येणारा आक्षेप. चित्रकथीच्या पोथीत रामकथा आहे, गोंधळात जगदंबेचे आवाहन आहे, भारुडात विठ्ठल आहे. मग हे सरकारी शाळेत कसे चालेल? हे शिक्षणाचे भगवीकरण नव्हे काय? पुरोगामीपणाचा ठेका घेतलेल्या वर्तुळांतून हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे एकाच सुरात विचारला जात आहे.

त्याचे उत्तर राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः राज्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. हे बंधन योग्य आहे आणि ते पाळलेच पाहिजे. परंतु उपासना शिकवणे वेगळे आणि उपासनेतून जन्मलेली कला शिकवणे वेगळे. सप्टेंबर २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने हाच भेद स्पष्ट केला. धर्मांविषयीचे ज्ञान देणे धर्मनिरपेक्षतेच्या विरोधात जात नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. त्या निकालालाही दोन दशके लोटली, पण आक्षेपकांची घोकंपट्टी थांबलेली नाही. युरोपातील मूल मायकेलअँजेलोची भित्तिचित्रे पाहते, बाखचे संगीत ऐकते, तेव्हा त्यास कोणी धर्मप्रचार म्हणत नाही, त्यास ‘वारसा’ म्हणतात. वारसा शब्द केवळ पश्चिमेसाठी राखीव आहे काय?

आणि ज्यांना ही परंपरा एका समाजाची मक्तेदारी वाटते, त्यांनी मिरजेस जावे. तेथील सतारमेकरांची मुसलमान घराणी पिढ्यान्पिढ्या तंबोरे घडवत आली. त्या तंबोऱ्यांच्या साथीने देशभर अभंग आणि स्तोत्रे गायली गेली. अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले, अल्लादिया खाँ कोल्हापुरात राहिले आणि मराठी मैफलीचा कान घडवून गेले. मिरजेच्या शाळेत तंबोऱ्याचा कारागीर शिकवायला आला, तर तोही या मातीचाच वारस म्हणून येईल. भोपळा कसा निवडतात, जवारी कशी लावतात, हे त्याच्याकडून शिकताना कोणत्याही मुलाचा धर्म बुडणार नाही.

मात्र एक पथ्य निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. शाळेतील तास कलेचा आहे, तो कोणाच्याही प्रचाराचा होता कामा नये. कलावंताबरोबर वर्गशिक्षक सतत उपस्थित असावा, पक्षाचा झेंडा वा नेत्याचे छायाचित्र त्या तासाला शिवू नये, कोणत्याही मुलावर उपासनेची सक्ती होऊ नये. आणि हे पथ्य इतरांना शिकवण्याआधी राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनी स्वतः पाळावे. बागुलबुवा उभा करणाऱ्यांना निमित्त देणे, हे त्या म्हाताऱ्या पखवाजीवर अन्याय करण्यासारखे आहे.

आरशासमोर

टीकेचे बोट शासनाकडे आणि पुरोगाम्यांकडे दाखवणे सोपे असते. उरलेली बोटे कोणाकडे वळतात?

संस्कृतिरक्षणाच्या गप्पा ज्या घरांत सर्वाधिक होतात, त्या घरांतील मुलांनी जिल्हा परिषदेची शाळा केव्हाच सोडली. तबला, भरतनाट्यम, चित्रकला यांचे खासगी वर्ग त्यांना परवडतात. दहावीला शास्त्रीय कला, चित्रकला, लोककला यांसाठी वाढीव गुण मिळू लागले, तेव्हा त्याचा उपयोग करून घेण्याचे मार्गही या घरांना आधी सापडले. जी मुले सरकारी शाळेत राहिली, त्यांची चिंता कोणी केली? ‘आपली संस्कृती’ म्हणताना त्या ‘आपली’मध्ये पाड्यावरचे मूल धरलेले असते की नाही?

वारली चित्रांचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक हा मुळात सवासिनींनी रेखायचा विधी. धवलेरीच्या गाण्याशी आणि पालघट देवीशी तो बांधलेला. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज वारली आकृत्या चहाच्या कपांवर, पडद्यांवर, भ्रमणध्वनीच्या वेष्टनांवर आहेत आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यात त्यांचे कौतुक होते. पण चौकातील देवी कोण, धवलेरी काय गाते, हे त्या दिवाणखान्याला ठाऊक नसते. आकृती घेतली, अर्थ तेथेच ठेवला. हे जतन नव्हे, ही उचलेगिरी आहे, मग ती कितीही प्रेमाने केलेली असो.

गणेशोत्सव मंडळांचेही तसेच. विसर्जनाच्या एका रात्री डीजेच्या भिंतींवर अनेक ठिकाणी जो खर्च होतो, त्याचा हिशेब कार्यकर्त्यांनीच मांडावा. आणि त्या शेजारी दुसरा हिशेब मांडावा : एक कलावंत, आठवड्याला दोन तास, वर्षाचे पस्तीस आठवडे, म्हणजे सत्तर तास. तासाला ३०० रुपये मानधन धरले, तर वर्षाचे २१ हजार रुपये. एका शाळेत एक कला वर्षभर जिवंत राहण्याची ही किंमत आहे. ती कोणत्या गावाला, कोणत्या देवस्थानाला, कोणत्या मंडळाला जड आहे?

दार उघडे आहे, आत जायचे आहे

२९ जुलै २०२० रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या कामी मोठी वाट मोकळी केली. पारंपरिक स्थानिक कलांतील जाणकारांना शाळांनी ‘मास्टर इन्स्ट्रक्टर’ म्हणून बोलवावे, प्रत्येक शाळेने वा शाळासमूहाने निवासी कलावंत असावा असे ध्येय ठेवावे, सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दप्तरमुक्त दिवस मिळून त्यांनी स्थानिक कारागीर-कलावंतांकडे शिकावे, हे सारे त्या धोरणात लिहिलेले आहे. पदविकेचा कागद नसलेल्या परंतु विद्या असलेल्या माणसाला शाळेचे दार त्याने तत्त्वतः उघडले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला.

तरीही सत्य सांगितलेच पाहिजे. धोरणातील भाषा ‘प्रोत्साहन’ आणि ‘ध्येय’ यांची आहे, हक्काची नाही. पाच वर्षे उलटून गेली, पण शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातील शंभराचा उंबरठा धोरणाने आपोआप हटत नाही. धोरण आपल्या विचारांच्या सरकारने आणले म्हणून त्याच्या अंमलबजावणीतील शैथिल्यावर मौन बाळगणे, हे संघटनेच्या शिस्तीचे नव्हे, आळसाचे लक्षण आहे. शासनाने मानधनाची स्वतंत्र तरतूद करावी, पटाची अट काढावी, चार-पाच लहान शाळांत मिळून एक कलावंत फिरता ठेवावा, ही मागणी ठामपणे लावून धरली पाहिजे.

परंतु केवळ शासनावर विसंबण्यात काय धोका असतो, हे इंग्लंडने दाखवले आहे. तेथे २००२ मध्ये ‘क्रिएटिव्ह पार्टनरशिप्स’ नावाची, कलावंतांना शाळांशी जोडणारी योजना मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. सरकारी खर्चकपातीच्या लाटेत निधी आटला आणि २०११ मध्ये ती गुंडाळली गेली. याउलट किरण सेठ यांनी दिल्लीच्या आयआयटीतून १९७७ मध्ये सुरू केलेली ‘स्पिक मॅके’ ही चळवळ स्वयंसेवकांच्या बळावर आजही थोर कलावंतांना विद्यार्थ्यांपर्यंत नेत आहे. अनुदानाच्या टेकूवर उभे राहते ते तंबू, समाजाच्या खांद्यावर उभे राहते ते मंदिर.

आणि समाजाच्या हाती साधन आहेच. शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे त्या समितीचे काम आहे. गावातील किती कार्यकर्त्यांनी हा आराखडा कधी वाचला आहे? त्यात भिंतीची रंगरंगोटी असते, नळ असतो, संगणक असतो. त्यात एक ओळ घालण्यास कोणत्या मंत्र्याची संमती लागत नाही : ‘आठवड्यातून दोन तास, गावचा कलावंत.’ समितीने ठराव करावा, गावातील जाणकारांची यादी करावी, भजनी मंडळ, देवस्थान, महिला बचत गट, गणेशोत्सव मंडळ यांपैकी एकाने वर्षाच्या मानधनाचे उत्तरदायित्व घ्यावे, मुख्याध्यापकांनी तास निश्चित करावा. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने शाळा दत्तक योजना आणली, तेव्हा दात्याचे नाव शाळेला जोडण्याची मुभा दिली. गावाने याहून साधे काम करावे : शाळेला कोणाचे नाव न देता, शाळेत आपला माणूस पाठवावा.

हे काम संथ आहे. त्यात छायाचित्र नाही, बातमी नाही, व्यासपीठ नाही. आठव्या आठवड्यात उत्साह मावळेल, परीक्षा आल्या की तास गणिताला दिला जाईल, कलावंत आजारी पडेल. तेथे पुन्हा जाऊन तास परत मागून घेणे, याचेच नाव कार्य. शाखा असो, मंडळ असो वा वाचनालय असो, चिकाटीने उभे राहिलेले काहीही पहिल्याच दिवशी उभे राहिलेले नाही.

पुढच्या जानेवारीत मांडव पुन्हा पडेल. टोकाच्या खुर्चीवर तो वृद्ध कदाचित नसेल. या वयाच्या माणसाचा भरवसा कोणी द्यावा? तो गेला तर त्याच्याबरोबर चाळीस वर्षांचे बोल जातील आणि शालींची चवड तेवढी घरात उरेल. पण त्याआधी वर्षभर, दर मंगळवारी, वर्गाच्या जमिनीवर पखवाज मध्ये ठेवून तो बसला असेल, तर संमेलनात ती खुर्ची रिकामी राहिली तरी चालेल. कारण तेव्हा मंचावर सहावीतली एक मुलगी पखवाज मांडीशी ओढून घेईल आणि पहिला ‘धा’ वाजवील. सत्काराची वेळ तेव्हाची. शाल त्या मुलीला द्यावी.